उजेड कुणाच्या बाजूने?



कोकणात खाडीवर गरवायला बसणाऱ्या माणसाला ‘आज मासा लागेल का?’ असं विचारलं, तर तो आधी तिथी मोजतो. पुनवेचं उधाण आहे की अष्टमीची भांगाची भरती, पाणी कधी वळणार, यावर त्याचा दिवस ठरतो. मी हल्ली जिथे राहतो तिथे हा हिशेब चालत नाही. अमेरिकेतलं मिशिगन राज्य आणि कॅनडातला ऑन्टॅरिओ प्रांत यांच्यामध्ये लेक सेंट क्लेअर नावाचं गोड्या पाण्याचं सरोवर आहे. विस्तार हजार चौरस किलोमीटरांहून जास्त, सरासरी खोली मात्र साडेतीन मीटरसुद्धा नाही. त्याच्या आजूबाजूच्या महासरोवरांतही चंद्राची भरती जेमतेम पाच सेंटिमीटरांच्या आतली. म्हणून तिथला गळ टाकणारा तिथी बघत नाही. तो ढग बघतो, वारा बघतो, ऊन बघतो.

आणि हे सगळं ज्याच्यासाठी, तो मासा म्हणजे स्मॉलमाऊथ बास. पितळी-तपकिरी अंग, त्यावर गडद उभे पट्टे आणि लालसर डोळा. एक-दीड किलोचा मासा लागला तरी माणूस खूश होतो. सर्वात मोठा, सुमारे ५ किलो ४०० ग्रॅमचा, टेनेसी आणि केंटकीच्या सीमेवरच्या डेल हॉलो जलाशयात डेव्हिड हेज यांनी जुलै १९५५मध्ये पकडला. तो विक्रम अजून मोडलेला नाही. गळाला लागल्यावर हा मासा पाण्याबाहेर उड्या घेतो, खडकांकडे धाव मारतो, हात भरून येईपर्यंत झुंजतो. खाण्यापेक्षा या झुंजीसाठीच लोक त्याच्या मागे असतात, आणि बहुतेक जण पकडलेला मासा परत सोडून देतात.

आता, या मासेमारीत एक समज फार पक्का आहे. हवेचा दाब वाढला की बास तोंड उघडत नाही. थंड हवेची लाट उत्तरेकडून येऊन गेली, बॅरोमीटर चढला, की लोक म्हणतात, आज घरीच बसा. त्या दिवशी मासे कमी लागतात हा अनुभव खरा आहे. पण कारण दाबच आहे का? जरा हिशेब करून बघू. अशा लाटेत हवेचा दाब साधारण पंधरा-वीस हेक्टोपास्कलने बदलतो. पाण्याखाली एक मीटर उतरलं की दाब जवळजवळ शंभर हेक्टोपास्कलने वाढतो. म्हणजे आकाशातली ती सगळी उलथापालथ माशाच्या लेखी पंधरा-वीस सेंटिमीटर वर-खाली होण्याइतकी. क्रेफिश, म्हणजे छोट्या शेवंडासारखा दिसणारा गोड्या पाण्यातला प्राणी, पकडायला बास दिवसातून कितीदा तरी याहून जास्त वर-खाली करतो. तेवढ्या फरकाने त्याची भूक मरत असेल, हे पटण्यासारखं नाही.

मग त्या दिवशी आणखी काय बदललेलं असतं? उजेड बदललेला असतो. लाट पुढे सरकली की मागून उत्तरेची कोरडी हवा येते. धूसरपणा जातो, आकाश निळंशार होतं, ऊन धारदार होतं. एखाद्या दिवसाने वारा पडतो आणि सरोवर आरशासारखं सपाट होतं. वसंतात पाणीही दोन-चार अंशांनी गार होतं आणि मासा मंदावतो. या सगळ्याचा ठपका आपण बॅरोमीटरवर ठेवतो, कारण आकडा त्याच्याकडे असतो.

माझं म्हणणं असं की हवामान बघताना एकच प्रश्न विचारावा: आत्ता उजेड कुणाच्या बाजूने आहे? पाण्यात पक्ष तीन. ज्याला खायचं ते भक्ष्य, खाणारा बास, आणि काठी धरलेले आपण. प्रत्येक जण मुख्यतः डोळ्यांनी खेळतो. ढग, पाण्यावरच्या लाटा आणि सूर्याची उंची यांनी प्रत्येकाची नजर वेगवेगळी बदलते.

आधी सूर्य. दुपारी तो माथ्यावर असतो तेव्हा शांत पाण्यावरून जेमतेम दोन-तीन टक्के ऊन परत फिरतं, बाकीचं आत जातं. तोच सूर्य क्षितिजापासून दहा अंशांवर आला की पस्तीस टक्के परततं. त्यामुळे आपल्याला लख्ख सकाळ वाटते तेव्हा पाण्याखाली अजून झुंजूमुंजू असतं. पाण्याखालून वर बघितलं तर सगळं आकाश सुमारे सत्त्याण्णव अंशांच्या एका गोल खिडकीत मावतं. त्या खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग तळाचं प्रतिबिंब दाखवतो. शांत पाण्यात ही खिडकी स्वच्छ असते. त्या खिडकीतून बासला आपली होडी दिसते, उगारलेला हात दिसतो. भक्ष्यालाही बास दुरून दिसतो. म्हणजे शांत, निरभ्र दुपारी उजेड भक्ष्याच्या बाजूने असतो. बासला पापण्या नाहीत, आणि उजेड वाढला म्हणून त्याची बाहुलीही आपल्यासारखी बारीक होत नाही. तो खडकाच्या सावलीला जातो, नाहीतर खोल उतरतो.

आता त्याच उन्हात वारा घाला. पाण्यावर लाटा उठल्या की ती खिडकी फुटते. उजेड आत येतोच, पण तुकड्या-तुकड्यांनी, हलता. छोट्या माशांना आता जवळ आलेला बास ओळखू येत नाही आणि त्यांच्या अंगावरची चमक मात्र त्याला दिसते. शिवाय वारा वरचं पाणी ढकलतो. त्याबरोबर सूक्ष्म जीव वाऱ्याच्या तोंडावरच्या काठाला जमतात, त्यांच्यामागे छोटे मासे, त्यांच्यामागे बास. म्हणून जाणते लोक आडोशाला होडी लावत नाहीत, वारा लागतो त्या काठाला जातात. त्यालाही मर्यादा आहे. शेजारच्या लेक ईरीवर नैर्ऋत्येचा वारा जोरात लागला की पाणी पूर्वेकडच्या बफेलो शहराच्या टोकाला चढतं, आणि दोन टोकांच्या पातळीत दोन मीटरांहून जास्त फरक पडल्याच्या नोंदी आहेत. लेक सेंट क्लेअर उथळ असल्याने तिथे लाटा आखूड आणि उभ्या उठतात, फार लवकर उठतात. तेव्हा बास राहू द्यावा आणि होडी धक्क्याला लावावी.

उजेडाचं वजन किती, हे या सरोवराने एका वेगळ्याच प्रकाराने दाखवून दिलं. १९८८मध्ये लेक सेंट क्लेअरमध्ये झेब्रा मसल नावाचे परदेशी शिंपले सापडले. जहाजांनी समतोलासाठी भरून आणलेल्या पाण्यातून ते आले. नखाएवढा हा जीव, पण दिवसाला सुमारे एक लिटर पाणी गाळतो. पाहता पाहता पाणी निवळलं. उजेड तळापर्यंत पोचू लागला, पाणवनस्पती फोफावल्या. तिथे वॉलआय नावाचा दुसरा एक लोकप्रिय मासा आहे. त्याच्या डोळ्यामागे उजेड परतवणारा थर असतो. गढूळ, अंधाऱ्या पाण्यात त्याला फार छान दिसतं आणि लख्ख ऊन त्याला सोसत नाही. पाणी निवळलं तसा वॉलआयचा गळाला लागण्याचा जोर ओसरला आणि स्मॉलमाऊथचे दिवस आले. सरोवर तेच, हवामान तेच, बॅरोमीटरही तोच. पाण्यातला उजेड तेवढा वाढला आणि बाजू पालटली. त्या निवळ पाण्यावर गळ टाकणारे आता उलट सांगतात: थोडा वारा असेल तर ढगाळ दिवसापेक्षा उन्हाचा दिवस बरा, कारण बास लांबून बघून आमिषावर येतो.

संधिप्रकाशाची गोष्ट आणखी वेगळी. माशाच्या डोळ्यात दिवसाच्या नजरेच्या पेशी आणि रात्रीच्या नजरेच्या पेशी जागा बदलतात, आणि या बदलाला वेळ लागतो. तेवढ्या वेळात छोट्या माशांचे थवे विस्कळीत होतात. क्रेफिश दगडाखालून बाहेर पडतात. बास उथळ पाण्यात येतो आणि वर बघून मारतो. पाण्यावर टुब टुब आवाज करत चालणारं आमिष टाकायचं ते या वेळी. दक्षिणेकडे, टेनेसीच्या खोल निवळ जलाशयांत, उन्हाळ्यात तर लोक रात्रीच बाहेर पडतात आणि आमिष वापरतात काळं. अंधारात काळं कशाला, असं वाटेल. पण बास खालून बघतो, आणि रात्रीच्या आकाशापुढे काळी आकृतीच सर्वात ठळक उठते.

आमिषाचा रंग निवडण्याचं सूत्रही यातूनच मिळतं. उजेड भरपूर आणि पाणी शांत असेल तेव्हा बासला निरखायला वेळ मिळतो. मग पारदर्शक, शेवाळी, तपकिरी रंगाचं रबरी आमिष बारीक दोरीवर तळाशी सोडावं, नाहीतर इतक्या वेगाने ओढावं की त्याला निरखायला सवडच मिळू नये. वारा असेल तर फिरत्या पात्याचं चमकणारं आमिष. ढग दाटले, पाणी गढूळलं, की गडद रंग आणि थरथर. लाल रंगावर फार विसंबू नये. पाणी सर्वात आधी लालच शोषून घेतं, आणि खोल गेल्यावर तो काळपट दिसतो.

शेवटी एक गोष्ट जरा ठासून सांगतो. मे महिन्यात पाणी तेरा-चौदा अंशांवर आलं की नर बास उथळ पाण्यात रेती-गोट्यांवर शेपटीने खळगा करतो. मादी अंडी घालून निघून जाते. अंडी आणि पिल्लं राखायचं काम नर एकटा करतो, आणि त्या दिवसांत तो जवळजवळ काही खात नाही. एखादी थंडीची लाट आली, पाणी एकदम गार झालं, तर नर खळगा सोडून जातो आणि ती वीण वाया जाते. हवामानाचा खरा घाव तो. आणि नेमकं याच दिवसांत शांत ऊन पडलं, डोळ्यांवर पाण्याची चमक कापणारा पोलराइज्ड चष्मा चढवला, की होडीतून एकेक खळगा आणि त्यावरचा नर स्पष्ट दिसतो. गळ पुढे केला की तो चावतोच, भुकेने नव्हे, घर राखायला. त्याला वर काढलं की गोबी नावाचे छोटे परके मासे खळग्यावर तुटून पडतात. लेक ईरीत हे अभ्यासकांनी पाहिलेलं आहे. मिशिगनच्या बाजूला लेक सेंट क्लेअरवर बास घरी न्यायची मुभा जूनच्या तिसऱ्या शनिवारपासून मिळते. पण पकडून सोडायला त्याआधीही बंदी नाही. म्हणून हा निर्णय कायद्यापेक्षा आपल्यावर जास्त आहे.

उरलेल्या वर्षात उजेड कधी भक्ष्याच्या बाजूने असतो, कधी बासच्या. तो ओळखणं हीच या मासेमारीतली विद्या. मे महिन्यातल्या त्या उथळ पाण्यात मात्र तो सगळाच्या सगळा आपल्या बाजूने असतो. तेवढे दिवस काठी घरी ठेवावी, नाहीतर खोल पाण्यात जाऊन दुसरा मासा शोधावा.