जॉबकार्डावर काय लिहिलंय?

नवी गाडी दारात आली की आपण नारळ फोडतो, चाकाखाली लिंबू ठेवतो आणि वॉरंटीची पुस्तिका न उघडताच कप्प्यात टाकतो. भांडण लागलं की पहिली गाठ तिच्याशीच पडते. २००६ साली मारुती उद्योगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की हमी सदोष भाग बदलून देण्याची असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. कंपन्यांचे वकील हा निकाल हाताशी ठेवूनच उभे राहतात.

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यानं १९८२ सालीच नव्या गाड्यांसाठी वेगळा कायदा केला. ठरावीक खेपा दुरुस्ती करूनही दोष जात नसेल, तर गाडी बदला नाहीतर पैसे परत करा. आपल्याकडे असा खेपांचा आकडा नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ हे नवं प्रकरण आलं, त्याचं कौतुकही फार झालं. पण खुद्द वस्तूचं नुकसान त्यातून वगळलेलं आहे. आपली तक्रार जुन्याच वाटेनं जाते: मालात दोष आहे, तो काढा, माल बदला किंवा पैसे द्या. आणि दोष कारखान्यातूनच आलाय, हे दाखवायचं आपण.

कशानं दाखवायचं? जॉबकार्डानं, म्हणजे गाडी दुरुस्तीला देताना सर्व्हिस सेंटरवर तक्रार नोंदवतात त्या कागदानं. तुम्ही सांगता, ‘चढावर दुसरा गिअर सुटतो.’ काउंटरवरचा मुलगा लिहितो, ‘जनरल चेकअप’. संध्याकाळी ‘काम समाधानकारक’ या छापील ओळीखाली तुम्ही घाईत सही करता. असे चार कागद जमले की गाडी निरोगी ठरते! तेव्हा तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या, किलोमीटर टाकायला लावा, दोष तसाच असेल तर सहीशेजारी तसं लिहा आणि त्याच रात्री कंपनीला ई-मेल करा. नुसत्या डीलरला नव्हे.

कारण डीलर आणि कंपनी कायद्यानं एक नव्हेत. गोव्यातल्या एका ग्राहकाला डीलरनं २००९ ची, आधी चाललेली गाडी २०११ ची नवी म्हणून विकली. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं टाटा मोटर्सला त्यातून मोकळं केलं. डीलरची लबाडी कंपनीला ठाऊक होती, असा पुरावा नव्हता. तक्रारीत दोघांनाही सामनेवाले करा, आणि कोणी काय केलं ते वेगवेगळं मांडा.

गाडीसाठी मोजलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. तोही तुमच्या राहत्या जिल्ह्यातला चालतो. दोष नुसत्या डोळ्यांनी कळणारा नसेल तर तज्ज्ञ तपासणीचा अर्ज सुरुवातीलाच द्या, आणि तोवर बाहेरच्या मेकॅनिकला इंजिन उघडू देऊ नका. तक्रारीची मुदत दोन वर्षांची. ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू साहेब,’ यातच ती संपते.