पोकळीत काय भरले, ते रुग्णाला कळू द्या



बडोद्यात डॉक्टरने मराठी व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून उभे राहावे, ही काही नवलाई नाही. १९०९ साली या शहरात मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्ष होते कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, औषधी वनस्पतींचे मोठे जाणकार. त्यांच्यापुढे साहित्यिक बसले होते, माझ्यापुढे माझेच दंतवैद्यक व्यवसायबंधू आहेत. त्यामुळे माझे काम सोपे आणि जबाबदारी जास्त. अध्यक्षाने सगळ्या विषयांना हात लावावा अशी रीत आहे. ती मोडून मी आज एकच विषय घेतो: वरच्या दाढांच्या जागी इम्प्लांट बसवण्याआधी सायनसच्या तळाशी आपण जो ग्राफ्ट भरतो, तो कशाचा असतो आणि हे रुग्णाला कोण सांगते?

वरच्या दाढा गेल्या की त्यांना धरून ठेवणारे हाड झिजते आणि वरून सायनसची पोकळी खाली पसरते. इम्प्लांटला आठ-दहा मिलिमीटर हाड हवे, हाती राहते तीन-चार. १९७०च्या दशकात अमेरिकेत हिल्ट टेटम यांनी सायनसचा तळ उचलण्याची वाट दाखवली. १९८० मध्ये बॉइन आणि जेम्स यांनी रुग्णाच्या स्वतःच्या हाडाचा ग्राफ्ट वापरून केलेल्या शस्त्रक्रियांवर लेख लिहिला. १९९४ मध्ये समर्स यांनी हिरडीच्या बाजूनेच वर जाण्याची सोपी रीत मांडली.

आपण सगळे हे करतो, तरी तो क्षण कधी जुना होत नाही. बाजूच्या भिंतीवरचे हाड बरने पातळ करत नेले की निळसर करडी सावली दिसू लागते. अंड्याच्या कवचाखालच्या पापुद्र्यासारखा सायनसचा हा पडदा निरोगी असताना एक मिलिमीटरही जाड नसतो आणि रुग्णाच्या श्वासाबरोबर हलतो. तो अलगद उचलायचा आणि खाली मोकळी झालेली जागा भरायची. हाताचे कसब इथे संपते. भरायचे काय, हा प्रश्न इथून सुरू होतो.

पर्याय मुख्यतः चार. पहिला, रुग्णाचेच हाड: हनुवटीचे, खालच्या जबड्याच्या मागच्या भागाचे किंवा कमरेचे. त्यात जिवंत पेशी असतात, पण दुसरी जखम करावी लागते आणि ते हाड पुढे बरेच आक्रसते. दुसरा, मृत दात्याचे प्रक्रिया केलेले हाड. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतीपेढी आहे. तिथे अशा ऊती गॅमा किरणांनी निर्जंतुक होतात. तिसरा, प्राण्याचे हाड, बहुधा गाईबैलाचे. त्यातला सेंद्रिय भाग काढून टाकलेला असतो, कण वर्षानुवर्षे विरघळत नाहीत, म्हणून उंची टिकते. चौथा, प्रयोगशाळेत बनवलेला: हायड्रॉक्सीअॅपटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट किंवा लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये शोधलेली बायोअॅक्टिव्ह काच.

यांतला श्रेष्ठ कोण? कंपनीचा प्रतिनिधी याचे उत्तर एका दमात देतो. कॉक्रेनचा पद्धतशीर आढावा मात्र पुरावा मर्यादित असल्याचे सांगून एवढेच म्हणतो, की स्वतःच्या हाडाऐवजी पर्यायी ग्राफ्ट वापरूनही काम साधू शकते. शिवाय २००४ मध्ये लुंडग्रेन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की पडदा उचलून इम्प्लांटच्या आधाराने तंबू उभा राहिला, तर खाली साचलेल्या रक्ताच्या गुठळीतूनही हाड तयार होते. थोडक्यात, बऱ्याच रुग्णांच्या बाबतीत एकाहून अधिक पर्याय शास्त्राला मान्य आहेत. जिथे शास्त्र अडून बसत नाही, तिथे निवड रुग्णाची असली पाहिजे.

आणि आपण हे बोलतो आहोत ते पाणीगेटला. जुन्या कोटाच्या या पूर्वेच्या दरवाजापाशी दवाखान्याच्या एकाच बाकावर वैष्णव, जैन, मुसलमान आणि चार पिढ्या इथे राहिलेली मराठी कुटुंबे शेजारी बसतात. कुणाला गाईचे हाड चालणार नाही, कुणाला डुकराचे काहीच नको, कुणाला प्राणिज वस्तूच वर्ज्य, तर कुणाला मृत माणसाच्या हाडाची कल्पना सहन होणार नाही. कुणी म्हणेल, “डॉक्टरसाहेब, दाढ पक्की बसू दे, बाकी तुम्ही बघा.” पाचही उत्तरे योग्यच. मात्र आडनावावरून उत्तर ताडणे हे आपले काम नाही. विचारणे हे आपले काम आहे.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधतो. “प्राण्याचे नको” म्हणणाऱ्या रुग्णाला आपण कृत्रिम ग्राफ्ट देतो आणि शब्द पाळला असे समजतो. मग बाजूच्या भिंतीत केलेल्या खिडकीवर कोलॅजनचा पडदा ठेवतो. तो बहुधा डुकराच्या किंवा गाईबैलाच्या ऊतींपासून केलेला असतो. रक्त थांबवणारा जिलेटिनचा स्पंजही प्राणिजच. ग्राफ्टची बाटली वाचली, पडद्याचे पाकीट वाचलेच नाही! रुग्णाच्या स्वतःच्या रक्तातून काढलेली पीआरएफची चकती काही वेळा या पडद्याची जागा घेऊ शकते. पण त्यासाठी आधी प्रश्न विचारलेला हवा.

“हाडाची पावडर टाकली” एवढ्यावर आपली समजावणी संपते. मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४च्या कायद्यात २०११च्या दुरुस्तीने ऊतींचाही समावेश झाला. कायदा जागा झाला, आपले संमतिपत्र अजून जुनेच आहे. बहुतेक ठिकाणी इंग्रजीत आणि रुग्ण खुर्चीवर आडवा झाल्यावर पुढे केलेले.

म्हणून या परिषदेकडे माझ्या तीन मागण्या आहेत. ग्राफ्ट, पडदा आणि स्पंज यांचा उगम सांगणारे एक पानी संमतिपत्र गुजराती आणि मराठीत तयार करावे. ते शस्त्रक्रियेच्या दिवशी नव्हे, आधीच्या भेटीत द्यावे. घरी वाचू द्यावे, घरच्यांशी बोलू द्यावे. आणि प्रत्येक बाटलीवरचा बॅच क्रमांकाचा स्टिकर केसपेपरवर चिकटवावा, त्याची एक प्रत रुग्णाकडे असावी. याला नवे यंत्र लागत नाही, परदेशी प्रशिक्षणही नाही. येत्या सोमवारी दवाखाना उघडाल, तेव्हा कपाटातल्या प्रत्येक पाकिटावरचा बारीक मजकूर आधी स्वतः वाचा आणि मग रुग्णाला सांगा, एवढीच विनंती.