छतावरील सौरवीज : परवानगी सोपी, जबाबदारी आपली



आकुर्डीची शेते कारखान्यांखाली गेली. मावळ-खेडकडे मात्र गोठे व पोल्ट्री शेड आहेत. त्यांच्या पत्र्यांवर सौर पॅनेल बसविण्यापूर्वी नियम समजून घ्यावेत.

केंद्र शासनाच्या 2024 च्या सुधारित नियमांनुसार 10 किलोवॉटपर्यंतच्या संचास तांत्रिक व्यवहार्यता तपासणी लागत नाही. महावितरणकडे परिपूर्ण अर्ज पुरतो. पण ती तपासणी वीजवाहिनीची होती, छताची नव्हे. छत आपणच तपासावयाचे आहे.

1 किलोवॉटला सुमारे 10 चौरस मीटर जागा लागते. वजनापेक्षा वाऱ्याचा धोका मोठा. भारतीय मानक 875 प्रमाणे पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 140 किलोमीटर धरतात. वळवाचा वारा पॅनेलखाली शिरून ते उचलतो. म्हणून सांगाडा नुसत्या पत्र्याला न जोडता खालच्या लोखंडी पट्ट्यांना बोल्टने आवळावा. पत्र्याऐवजी सौर पत्रेच घालावयाचे असल्यास कैच्या अभियंत्याकडून तपासून घ्याव्यात.

अर्थिंग अवश्य करावे. वाहिनीची वीज गेल्यावर संचाची वीज वाहिनीत जाणे आपोआप थांबते, याची खात्री करावी. नाहीतर खांबावरील वायरमनच्या जिवावर बेतेल.

अनुदानाची चौकशी जरूर करा. परंतु आधी शिडी लावून छत पाहा.