जाळं कुणी फाडलं, मासळी कुणी खाल्ली?

गेल्या आठवड्यात मालवणच्या किनाऱ्यावर आम्ही चार-पाच जणी होड्यांची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या काकीच्या घरची होडी आली. टोपलीच्या तळाला जेमतेम बांगडे, आणि जाळ्याला हात आरपार जाईल एवढी भोकं. काकी म्हणाली, "ह्या डॉल्फिनांनीच आमचे माशे खाल्ल्यानी गो बाय!" त्या जाळ्यासाठी बचत गटातून घेतलेल्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत.

मला तिला लगेच 'नाही' म्हणवेना. कारण निम्मी गोष्ट खरीच आहे. आपल्याकडे खाडीच्या तोंडाशी दिसणारे, पाठीवर उंचवटा असलेले डॉल्फिन उथळ पाण्यातच राहतात, म्हणजे आपण जाळं टाकतो तिथेच. तारली, बांगडा त्यांनाही आवडतो. जाळ्यातला मासा आयता मिळतो, आणि तो ओढताना जाळं फाटतं. कधी डॉल्फिनच अडकतो. श्वासासाठी वर येता आलं नाही की बिचारा बुडून मरतो.

पण दर्यातली मासळी त्यांच्यामुळे आटली का? आपण बाजारात करतो तसा हिशेब करू. डॉल्फिन दिवसाला आपल्या वजनाच्या साधारण 4 ते 6 टक्के खातो. दोनशे किलोचा असला तर 8 ते 12 किलो. पर्ससीनची मोठी बोट एका खेपेला टनांत मासळी उचलते. आणि डॉल्फिन काही काल आलेले नाहीत, आपल्या आज्यांच्या काळीही होतेच.

केरळची तारली बघा. 2012 मध्ये तिथे सुमारे 3.9 लाख टन तारली मिळाली. 2021 मध्ये साडेतीन हजार टनांच्याही आत. नऊ वर्षांत तिथले डॉल्फिन शंभरपट झाले का? शास्त्रज्ञ बोट दाखवतात ते एल निनोमुळे बदललेल्या पाण्याकडे आणि अंडी घालण्याआधीच उपसलेल्या लहान मासळीकडे.

ही तक्रार फक्त आपली नाही. कॅनडात न्यूफाउंडलंडला कॉड नावाचा मासा पिढ्यान्‌पिढ्या घरं चालवत होता. मग मोठे ट्रॉलर आले. 1968 साली तिथे आठ लाख टनांहून जास्त कॉड काढला गेला. 1992 च्या जुलैत सरकारला ती मासेमारीच बंद करावी लागली आणि सुमारे 30 हजार लोकांचं काम गेलं. मासे पकडणारे, कारखान्यात मासे कापणाऱ्या बायका, सगळेच घरी बसले. लोक म्हणाले, सीलनी खाल्ला. पण सील तर ट्रॉलरच्या आधीपासून होते!

तरी सील अगदीच निर्दोष, असंही मी म्हणणार नाही. त्याच कॅनडात सेंट लॉरेन्सच्या आखाताच्या दक्षिण भागात उरलासुरला कॉड करड्या सीलच्या खाण्यामुळे पुन्हा वाढू शकत नाही, असं संशोधकांनी दाखवलंय. डबा भरलेला असताना उंदराने चार दाणे नेले तर कळत नाही. डबा आपण रिकामा केला की तेच चार दाणे डोळ्यांत येतात. देवमाशांबद्दलही ओरड असते, की ते माणसांपेक्षा कितीतरी पट जास्त खातात. खातात खरे, पण त्यातलं पुष्कळसं क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, नाहीतर खोल पाण्यातले माकुळ. ते आपल्या पाटीत कुठे येतात?

हे सगळं मी काकीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मगे माझ्या जाळ्याचा काय?"

आपल्या राज्यात 2018 पासून एक योजना आहे. अडकलेला डॉल्फिन, कासव किंवा बहिरी मासा सोडवायला जाळं कापलं, तर फोटो-व्हिडिओ दाखवून 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. चांगली योजना आहे. पण काकीच्या जाळ्यात काही अडकलंच नव्हतं. डॉल्फिन फाडून, खाऊन निघून गेला. त्याला मारायचंही नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला पूर्ण संरक्षण आहे. ते असावंच. मग त्याच्या जेवणाचा खर्च एकट्या काकीने का उचलायचा?

मच्छीमार सोसायटीच्या येत्या सभेत आम्ही हेच विचारणार आहोत. तुमच्याकडेही जाळी फाटत असतील तर तारीख, जागा, किती जाळं गेलं ते वहीत लिहा आणि फोटो काढून ठेवा. सभेला वह्या घेऊनच या.