निवृत्तीनंतरची सुट्टी आणि टाइमशेअरचा हिशेब

(शहपुरा येथील शाखेत ज्येष्ठ खातेदारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज समोर बसलेल्यांपैकी कुणी खमरियाच्या कारखान्यातून निवृत्त झालं आहे, कुणी रेल्वेतून, कुणी वीज मंडळातून, कुणी शाळेतून. आयुष्यभर रजा जपून वापरली, आता रोजच रविवार. अशा वेळी थोडं फिरावं असं वाटणारच, आणि वाटायलाही हवं. म्हणून आजचा विषय मुदत ठेवीचा किंवा केवायसीचा घेतलेला नाही. विषय आहे टाइमशेअरचा, म्हणजे सुट्टीच्या मेंबरशिपचा.

हा विषय का निवडला ते आधी सांगतो. काही महिन्यांपूर्वी एक काका आणि काकू शाखेत आले. साडेतीन लाखांची एफडी मोडायची होती, मुदत संपायला सात महिने बाकी होते. मला वाटलं, दवाखान्याचं काही असेल. तसं नव्हतं. आदल्या शनिवारी जबलपूरच्या एका हॉटेलात त्यांना जेवायला बोलावलं होतं. लकी ड्रॉमध्ये नंबर लागला म्हणून फोन आला होता. तिथे दोन तास सुट्टीच्या योजनेची माहिती झाली, आणि "आज सही केली तरच हा दर" असं सांगून टोकन म्हणून वीस हजार कार्डावर घेतले. बाकीचे पैसे आठ दिवसांत भरायचे होते.

मी त्यांना नको म्हटलं नाही. पैसे त्यांचे, हक्क त्यांचा. फक्त म्हटलं, "काका, चहा घ्या, आणि कागद दाखवा." त्या चहाबरोबर आम्ही जो हिशेब मांडला, तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

टाइमशेअर म्हणजे नेमकं काय

टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमधली खोली वर्षातून ठरावीक दिवस, बहुधा सात रात्री, वापरण्याचा हक्क. हा हक्क दहा, पंचवीस किंवा त्याहून जास्त वर्षांसाठी आधीच पैसे भरून घ्यायचा. आपल्याकडे स्टर्लिंग ही कंपनी १९८६ मध्ये सुरू झाली, क्लब महिंद्रावाली कंपनी १९९६ मध्ये. म्हणजे कल्पना काही नवी नाही, आणि प्रत्येक योजना फसवी असते असंही नाही. ठरल्याप्रमाणे खोल्या मिळालेली आणि आनंदाने फिरलेली कुटुंबं आहेत.

पण दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पहिली, आपण इथे खोली विकत घेत नाही, खोली वापरायचा हक्क घेतो. सातबारा नाही, रजिस्ट्री नाही. दुसरी, ही गुंतवणूक नाही. हा पुढच्या अनेक वर्षांच्या सहलींचा आगाऊ भरलेला खर्च आहे. मुदत संपली की हातात काही उरत नाही. मधेच विकायची म्हटली तर भरलेल्या पैशाच्या जवळपास किंमत देणारं गिऱ्हाईक सहसा मिळत नाही.

"नाही गेलात तर पैसे परत"

कुणी सुट्टीची योजना दाखवून "फिरायला गेला नाहीत तर व्याजासकट पैसे परत" असं म्हणालं, तर तिथून उठायचं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या मराठी माणसांनीच भोगलं आहे. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्स या कंपनीने हॉटेलच्या रात्रींच्या नावाने पैसे गोळा केले. रात्री वापरा, नाहीतर मुदतीनंतर वाढीव रक्कम घ्या, असा प्रकार होता. सेबीने ही नोंदणी न केलेली सामूहिक गुंतवणूक योजना ठरवली आणि २९ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने सुमारे ७,०३५ कोटी रुपये परत करायला सांगितले. पैसे गुंतवणारे होते ५१ लाखांहून जास्त.

भागाकार करून पाहा. माणशी चौदा हजारांच्या आत रक्कम येते. म्हणजे हे श्रीमंतांचे पैसे नव्हते. दरमहा थोडे थोडे बाजूला टाकणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांचे होते. तीन महिन्यांत परत करा असा आदेश होता, आणि लोक वर्षानुवर्षं वाट पाहत राहिले. आदेश निघणं वेगळं आणि पैसे खात्यात जमा होणं वेगळं.

म्हणून सुट्टी आणि परतावा या दोन गोष्टी एकाच पावतीवर दिसल्या, तर आधी सेबीची नोंदणी विचारा. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेत प्रत्येक खातेदारामागे, मुद्दल आणि व्याज मिळून, ५ लाखांपर्यंत विमा आहे. असल्या योजनेला असं कोणतंही कवच नाही.

नवी मेंबरशिप घ्यावी का? कागद-पेन्सिलीचा हिशेब

आता सरळ, प्रामाणिक योजना आहे असं धरू. सोयीसाठी आकडे गोल घेतो. मेंबरशिप ४ लाखांची, मुदत पंचवीस वर्षं, वर्षाला सात रात्री, आणि वार्षिक शुल्क १८ हजार.

हे वार्षिक शुल्क नीट समजून घ्या. जाहिरातीत ते बारीक अक्षरात असतं. रिसॉर्टच्या देखभालीसाठी ते दरवर्षी भरावं लागतं, तुम्ही गेलात तरी आणि नाही गेलात तरी. त्यावर जीएसटी वेगळा.

हेच ४ लाख तुम्ही ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर? सरकारने एप्रिल २०२३ मध्ये या योजनेचा दर ८.२ टक्के केला. पैसे ठेवताना जो दर असेल तो पाच वर्षं कायम राहतो. ८.२ टक्क्यांनी वर्षाला ३२,८०० रुपये व्याज, म्हणजे दर तिमाहीला ८,२००. मेंबरशिप घेतली की हे व्याज बुडालं. त्यात वार्षिक शुल्काचे १८,००० मिळवा. झाले ५०,८००. सात रात्रींनी भागा. एका रात्रीचे साधारण ७,२५७ रुपये. हे फक्त खोलीचे. रेल्वेचं तिकीट, टॅक्सी आणि रिसॉर्टमधलं जेवण वेगळं.

आणि सातही रात्री वापरल्या तर हा भाव. चारच वापरल्या तर एक रात्र १२,७०० रुपयांना पडली. काका म्हणाले, "एवढ्या महाग खोलीत मी आजवर राहिलेलो नाही." शिवाय बचत योजनेतले ४ लाख शेवटी तुमचेच राहतात, नाहीतर वारसाला मिळतात. मेंबरशिपचे ४ लाख दरवर्षी झिजत जातात. व्याजावर कर लागत असेल तर तो वजा करून आकडा मांडा, पण पद्धत हीच.

दुसरा प्रश्न महागाईचा. वार्षिक शुल्क वाढत जातं. वर्षाला ६ टक्क्यांनी वाढलं असं धरलं, तर ७२ ला ६ ने भागा. उत्तर आलं १२. म्हणजे बारा वर्षांत शुल्क दुप्पट. साठाव्या वर्षी १८ हजार, बहात्तराव्या वर्षी ३६ हजार, चौऱ्याऐंशीव्या वर्षी ७२ हजार. तुमचं पेन्शन असं वाढतं का? केंद्र सरकारच्या निवृत्तांना महागाई भत्ता मिळतो, थोडाफार मेळ बसेल. पण ईपीएफच्या योजनेतलं पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. ज्यांचं घर ठेवीच्या व्याजावर चालतं, त्यांचंही उत्पन्न जागच्या जागी राहतं. वाढतं शुल्क आणि न वाढणारं पेन्शन, ही जोडी निवृत्तीत जमत नाही.

तिसरा प्रश्न गुडघ्यांचा. हसू नका. साठाव्या वर्षी घेतलेली पंचवीस वर्षांची मेंबरशिप पंच्याऐंशीव्या वर्षी संपते. पंच्याहत्तरीनंतर डोंगरातलं रिसॉर्ट, पायऱ्या, जवळ दवाखाना नाही, हे किती वेळा झेपेल? जोडीदाराची तब्येत बिघडली तर दुसरा एकटा जाईल का? हे कठोर वाटतं, पण विकणारा हा प्रश्न विचारणार नाही. म्हणून आपणच आपल्याला विचारायचा.

मेंबरशिप आधीपासून असेल तर

काहींनी नोकरीत असताना, मुलं लहान असताना मेंबरशिप घेतली आणि आता आठ-दहा वर्षं बाकी आहेत. त्यांचा हिशेब अगदी वेगळा आहे, आणि तो पुष्कळदा फायद्याचाही असतो.

भरलेले पैसे गेले. ते परत येणार नाहीत, म्हणून त्यांचा विचार सोडून द्या. आजपासून पुढे काय भरायचं आहे आणि किती रात्री खरंच राहणार आहात, एवढंच पाहा. वार्षिक शुल्क १८ हजार आणि सात रात्री वापरल्या, तर रात्र पडते २,५७१ रुपयांना. चांगल्या रिसॉर्टसाठी हा भाव वाईट नाही. पण तीनच रात्री वापरल्या तर ६,००० रुपये. म्हणजे मेंबरशिप कपाटात ठेवणं हाच सगळ्यात मोठा तोटा.

आपल्या एका खातेदार जोडप्याने तीन वर्षं शुल्क भरलं नव्हतं, त्यामुळे बुकिंग बंद झालं होतं. थकबाकी ५४ हजार, मुदत उरली सहा वर्षं. भरावं की सोडावं? आम्ही बेरीज केली. थकबाकी ५४ हजार आणि पुढच्या सहा वर्षांचे, शुल्क वाढलं नाही असं धरून, १ लाख ८ हजार. एकूण १ लाख ६२ हजार. रात्री बेचाळीस. सगळ्या वापरल्या तर रात्रीला ३,८५७ रुपये, निम्म्या वापरल्या तर ७,७१४. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "मुलगी-जावई, नातवंडं येणार असतील तरच भरू." त्यांनी मुलीला फोन केला, कंपनीकडून थकबाकीचा तपशील लेखी मागवला, आणि मगच निर्णय घेतला. असा निर्णय भरण्याचा असो की सोडण्याचा, तो डोळसच असतो. मात्र सोडायचं असेल तर नुसतं गप्प बसू नका. करारात शुल्क न भरण्याबद्दल आणि मेंबरशिप परत करण्याबद्दल काय लिहिलं आहे ते वाचा आणि लेखी कळवा.

वापरणाऱ्यांसाठी निवृत्तीचा एक मोठा फायदा आहे. तुम्हाला शाळेची सुट्टी पाळायची नाही. मे महिना आणि नाताळ नोकरीवाल्यांसाठी सोडा. तुम्ही सप्टेंबरात जा, फेब्रुवारीत जा, सोमवारी निघा. गर्दी नसताना खोली लवकर मिळते, आणि योजनेत चालत असेल तर कमी गर्दीच्या काळात तेवढ्याच हक्कात जास्त रात्री मिळू शकतात. पण ठिकाण पाहून महिना ठरवा. कान्हा, बांधवगढचा मुख्य जंगलभाग १ जुलै ते ३० सप्टेंबर सफारीसाठी बंद असतो. तेव्हा तिथे खोली सहज मिळेल, पण सफारीची हौस राहून जाईल.

उरलेल्या रात्री पुढच्या वर्षी नेता येतात का, मुलाच्या नावावर बुकिंग केलं तर वेगळं शुल्क पडतं का, दुसऱ्या जोडीदाराचं नाव करारात आहे का, नॉमिनी कोण, हे चार प्रश्न याच आठवड्यात कंपनीला लेखी विचारा.

आणि एक सावधगिरी. "तुमची मेंबरशिप चांगल्या किमतीला विकून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा" असा फोन आला तर एक रुपयाही भरू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा.

सही करण्याआधी

युरोपीय संघात अशा करारातून १४ दिवसांत कारण न देता बाहेर पडण्याचा कायदेशीर हक्क आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही. करारात जे लिहिलं असेल तेच. म्हणून एवढं करा:

१. जेवणाच्या जागी सही करायची नाही आणि कार्डही द्यायचं नाही. कराराचा कोरा नमुना घरी आणायचा.

२. करार रद्द करण्याची मुदत किती, कापून किती घेणार, हे कलम शोधून त्याखाली रेघ मारायची.

३. तोंडी दिलेलं प्रत्येक आश्वासन लेखी मागायचं. जे लिहून देत नाहीत, ते दिलंच नाही असं समजायचं.

४. मेंबरशिपसाठी एफडी मोडायची नाही, दागिने ठेवायचे नाहीत, हप्त्याचं कर्ज काढायचं नाही. दवाखान्यासाठी ठेवलेल्या पैशाला तर हातच लावायचा नाही.

५. तक्रार असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते, म्हणजे कंपनी चेन्नईची असली तरी जबलपूरला. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही. मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करायला हवी.

आता त्या काकांचं सांगतो. त्यांनी कंपनीला एकच गोष्ट लिहून मागितली, की "वार्षिक शुल्क वाढणार नाही", कारण जेवताना तसं सांगितलं होतं. लेखी उत्तर आलं नाही. करारातल्या मुदतीत त्यांनी रद्द करण्याचं पत्र पाठवलं. टोकनचे पैसे परत यायला दोन महिने आणि बरेच फोन लागले, तेही थोडे कापूनच आले. एफडी मात्र मुदतीपर्यंत राहिली.

त्या एफडीच्या व्याजातून दोघं पचमढीला जाऊन आले. आपल्याच शहपुरा-भिटोनी स्टेशनच्या मार्गावर पिपरिया आहे, तिथे उतरून पुढे गाडी. चार रात्री राहिले, आवडेल ते खाल्लं, आणि कुणाचं काही देणं न ठेवता परतले. त्यांना पुढच्या वर्षी जावंसं वाटलं तर जातील, नाही वाटलं तर पैसे खात्यात राहतील.

मंडळी, फिरा, जरूर फिरा. सहलीसाठी वेगळं आवर्ती खातं काढा, महिन्याला हजार-दोन हजार टाका. आणि घरात मेंबरशिपचे जुने कागद असतील तर एकदा शाखेत घेऊन या. करार काय म्हणतो ते वाचायला आणि भागाकार करायला आम्ही मदत करू. निर्णय तुमचा तुम्हीच घ्या, पण हिशेब झाल्यावर घ्या.