रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. जेवणाच्या वेळी कुणी रिपोर्ट घेऊन येऊ नका! मी इंजिनिअर, वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिते. पण सध्या ज्या कामात आहे त्याबद्दल इथे बोलावंसं वाटलं, कारण आपण सगळे चाळिशी ओलांडलेले आहोत. कॅन्सर ज्याच्या नात्यागोत्यात फिरकलाच नाही, असं घर या सभागृहात क्वचितच निघेल.

केमोथेरपी घेऊन घरी गेलेल्या माणसाला काय त्रास होतोय ते रुग्णालयाला कळावं. आणि त्यातलं घरच्या घरी काय निभावता येईल, कशासाठी लगेच फोन करायचा, हे त्या माणसाला कळावं, यासाठी आम्ही मोबाइलवर चालणारं एक मराठी ॲप तयार करतो आहोत.

याची गरज का पडते? केमो रुग्णालयात होते, पण तिचा त्रास घरी होतो. परळच्या टाटा रुग्णालयात आपल्या राज्याच्या कानाकोपऱ्यातून माणसं येतात. सलाइन संपलं की बरेच जण गावची गाडी पकडतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बहुतेक औषधांनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत सर्वांत कमी होतात, म्हणजे माणूस गावी पोचून आठवडा झाल्यावर. तेव्हा ताप आला तर घरचे पॅरासिटामॉल देतात, ताप उतरतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं. आतला जंतुसंसर्ग मात्र तसाच वाढत असतो. अशा वेळी तास-दोन तासांनीही फरक पडतो.

अमेरिकेत डॉ. ईथन बाश यांनी या विषयावर केलेला अभ्यास मला फार आवडतो. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये, कॅन्सर शरीरात पसरलेल्या ७६६ रुग्णांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाची नेहमीसारखी तपासणी. दुसऱ्या गटाने मळमळ, वेदना, धाप, थकवा अशी १२ लक्षणं संगणकावर स्वतः नोंदवायची. त्रास वाढला की नर्सला आपोआप ईमेल जायचा आणि ती पुढचं बघायची. २०१७ साली निष्कर्ष आले. नोंदणाऱ्या गटाचं मध्यम आयुर्मान ३१.२ महिने, दुसऱ्याचं २६ महिने. नवं औषध एकही नाही! यातल्या २२७ जणांना संगणकाची सवय नव्हती, आणि जगण्याच्या दर्जात जास्त फायदा त्यांनाच झाला. 'आपल्या म्हाताऱ्यांना हे जमणार नाही' असं कुणी म्हणालं की मी हा आकडा पुढे करते.

मात्र पुरतं सांगायला हवं. पुढे ५२ केंद्रांत असाच मोठा अभ्यास झाला. त्यात रोजची कामं करण्याची ताकद टिकली, त्रास कमी झाला, तातडीने दवाखान्यात धावण्याची वेळ लांबली. पण आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. मला तेवढंही पुष्कळ वाटतं. आहेत ते दिवस बरे जाणं ही काही छोटी गोष्ट नाही.

आता आमच्या कामातली खरी अडचण सांगते. ती प्रोग्रॅमिंगची नव्हती, मराठीची होती. (मराठीच्या बाईंना हे ऐकून बरं वाटेल.) 'वेदना शून्य ते दहामध्ये किती?' असं विचारलं की आपल्याकडच्या बायका म्हणतात, 'आहे थोडं, सहन होतंय.' तीच बाई दोन दिवस अंथरुणातून उठलेली नसते. म्हणून आम्ही आकडा सोडला आणि 'आज स्वयंपाकघरापर्यंत जाता आलं का?' असं विचारू लागलो. काही औषधांनी हातापायांच्या नसा बधिर होतात. तिथे 'बधिरपणा आहे का?' याला उत्तर 'नाही' येतं. 'ब्लाउजचे हूक लावता येतात का? पायातली चप्पल निसटली तर कळतं का?' असं विचारलं की खरं बाहेर येतं. जुलाबाचंही तेच. 'जुलाब होतात का' यापेक्षा 'नेहमीपेक्षा किती वेळा जास्त जावं लागलं' हा प्रश्न कामाचा. कारण नेहमीपेक्षा चार वेळा जास्त झालं, तर फोन करायला हवा.

आणखी एक गोष्ट. फोन बहुतेक मुलाच्या हातात असतो. तो मोठ्याने प्रश्न वाचतो, आई उत्तर देते. लघवीच्या जागी आग होते हे ती मुलासमोर कसं सांगणार? म्हणून प्रत्येक प्रश्न बाईच्या आवाजात ध्वनिमुद्रित केला. फोन कानाला लावायचा आणि बोटाने उत्तर दाबायचं. लिहिता-वाचता न येणाऱ्यांचीही त्यातच सोय झाली.

तरीही माझं ठाम मत आहे की पलीकडे माणूस नसेल तर हे सगळं व्यर्थ आहे. रुग्णाने रात्री दोन वाजता 'ताप' दाबलं आणि स्क्रीनवर नुसतं 'धन्यवाद' उमटलं, तर ते ॲप नसलेलंच बरं. जिथे रात्रपाळीची नर्स नेमायची तयारी नाही, तिथे आम्ही हे बसवत नाही. यावरून आमच्या कंपनीत वाद होतात, होऊ देत.

ॲप नसलं तरी घरी करता येण्यासारखं बरंच आहे. तोंड आलं तर मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या, मऊ ब्रश आणि तिखट बंद. मळमळीची गोळी डॉक्टरांनी ज्या वेळा सांगितल्या त्या वेळांनाच, उलटीची वाट न पाहता. थकवा आला तरी अंगणात का होईना, थोडं चालायचं. नुसतं पडून राहिल्याने तो वाढतो. ऑक्सॅलिप्लॅटिन चालू असेल तर फ्रिजचं पाणी नको, घशाला विचित्र आवळल्यासारखं होतं आणि माणूस घाबरतो. काढा, चूर्ण काही चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. ते रागावतील, रागावू देत.

तापाचं मात्र घरी काही करायचं नाही. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरला तर लगेच फोन, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत. आधी ताप मोजायचा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल द्यायचं नाही, नाहीतर काटा खाली येतो आणि आपली फसगत होते. गावातल्या डॉक्टरांकडे जावं लागलं, तर पहिलं वाक्य 'केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला' हे. ताप आहे ते नंतर सांगा.

हे सगळं मी एका पानावर छापून आणलंय, बाहेर नावनोंदणीच्या टेबलावर गठ्ठा ठेवलाय. खाली तीन ओळी रिकाम्या आहेत: शेवटच्या डोसची तारीख, औषधांची नावं आणि रात्री उचलला जाणारा फोन नंबर. ज्यांच्या घरी गरज असेल त्यांनी न्या. तिसरी ओळ भरण्याआधी तो नंबर एकदा रात्री लावून बघा.