शतपावली आणि वामकुक्षी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त चेरीताल येथे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून साहित्य, संस्कृती अथवा इतिहास यांवर बोलावे, असा प्रघात आहे. कार्यकारिणीने आम्हांस मात्र 'चयापचय' हा विषय नेमून दिला. आम्ही वैद्य नव्हे. केंद्र सरकारच्या फायलींत उभी हयात घालविलेले गृहस्थ आहोत. परंतु खुर्चीवर बसून राहण्याचा आमचा अनुभव कोणत्याही वैद्याहून दांडगा असल्याने हा विषय आम्ही आनंदाने स्वीकारला.

खाल्लेल्या अन्नाचे शक्तीत रूपांतर करणे, त्यातून शरीराची घडण व झीजभरती करणे, या अखंड व्यापारास चयापचय म्हणतात. बैठे जीवन जगणाऱ्या माणसाच्या दिवसाच्या खर्चापैकी साधारण 60 ते 70 टक्के शक्ती केवळ जिवंत राहण्यात, म्हणजे हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांच्या कामात खर्च होते. सुमारे 10 टक्के अन्न पचविण्यात जाते. उरलेली हालचालीत. पहिला वाटा आपल्या इच्छेने फारसा वाढत नाही. म्हणूनच चयापचय झपाट्याने वाढविण्याचे आश्वासन देणारी चूर्णे आणि चहा यांवर पैसे घालण्यापूर्वी दहादा विचार करावा. आपल्या हाती खरोखर आहे तो तिसरा वाटा.

"चाळिशी उलटली, आता चयापचय मंदावला," असे आपण सर्रास म्हणतो. 2021 साली 'सायन्स' या नियतकालिकात 29 देशांतील 6,400 हून अधिक व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराचे आकारमान जमेस धरले तर विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत हा खर्च जवळजवळ स्थिर राहतो, असे त्यात आढळले. म्हणजे चाळिशीवर आपण ठेवलेला आरोप शाबीत होत नाही.

मग बदलले काय? पन्नास वर्षांपूर्वीचे जबलपूर आठवावे. गन कॅरेज फॅक्टरीत आणि खमरियाच्या कारखान्यात जाणाऱ्यांच्या सायकलींनी सकाळी रस्ते भरून जात. घरात पाटा-वरवंटा होता, धुणे हाताने होत असे, पाणी भरावे लागे. त्या कष्टांचे आम्ही गोडवे गात नाही. गृहिणींची त्यांतून सुटका झाली, हे उत्तमच झाले. परंतु श्रम गेले आणि ताट तेच राहिले, ही गोष्ट आपल्या ध्यानात आली नाही. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी डॉ. जेरेमी मॉरिस यांनी 1953 साली प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. गाडी एकच, फरक खुर्चीचा आणि जिन्याचा.

येथे कोणी म्हणेल, "आम्ही तर सडपातळ आहोत." त्यांच्यासाठी पुण्याचे उदाहरण आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे; परंतु चरबी युडकिन यांच्या देहात 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या देहात 21.2 टक्के! दिसायला बारीक, पण आतून स्थूल, असा आपला बांधा आहे. पुणे जिल्ह्यातील सहा गावांत 1993 पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात याचे मूळ गर्भावस्थेपर्यंत पोहोचलेले दिसले. तेथील बाळे इंग्लंडमधील बाळांहून बरीच हलकी होती, तरी स्नायूंच्या मानाने त्यांच्यातील चरबी टिकून होती. ज्या मातांच्या आहारात पालेभाजी, फळे व दूध अधिक, त्यांची बाळे अधिक भरदार, हेही तेथेच आढळले. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेसुरले खाणारी आपल्या घरातील स्त्री हा केवळ तिच्या प्रकृतीचा प्रश्न नाही; तो पुढच्या पिढीचा आहे.

म्हणून वजनकाट्याबरोबर शिंप्याची टेपही वापरावी. पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटरच्या व स्त्रियांची 80 च्या आत असावी, असे भारतीयांसाठी मानले जाते. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशात मधुमेही सुमारे 10 कोटी 10 लाख आणि त्या उंबरठ्यावरचे 13 कोटी 60 लाख असल्याचा अंदाज आहे. या सभागृहातही दोन्ही वर्गांतील मंडळी असणारच. उंबरठ्यावरून परत फिरता येते, ही यातील आशेची बाजू आहे.

फिरावे कसे? जेवणानंतर रक्तात उतरणाऱ्या साखरेचे मोठे कोठार म्हणजे स्नायू. ते हलले की साखर आत ओढून घेतात. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्याने रक्तातील साखरेची चढ कमी होते, हे आता प्रयोगांनी सिद्ध आहे. आपल्या पूर्वजांनी दोन शब्द ठेवले होते, शतपावली आणि वामकुक्षी. आपण दुसरा तेवढा निष्ठेने पाळला! शतपावलीला आठवड्यातून दोनदा जोर-बैठका किंवा वजन उचलण्याची जोड द्यावी, कारण वयाबरोबर स्नायू झिजतात. कचेरीत दर तासाला उठावे; फाईल शिपायाकडून न मागवता स्वतः आणावी.

आहाराचे सूत्र सोपे आहे. ताटातला भात व पोळी थोडी कमी. उसळ, घट्ट वरण, पिठले, ताक, अंडी वा मासे थोडे अधिक. प्रथिने पचविण्यात शरीराची शक्ती अधिक खर्च होते आणि स्नायूंना खाद्य मिळते. दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 0.8 ग्रॅम प्रथिने हवीत. ज्वारीची भाकरी सोडू नये, आणि शेजारच्या मंडला-दिंडोरीकडील कोदो-कुटकीला परके मानू नये. खोव्याची जलेबी सणाला शोभते, रोज नव्हे. एकादशी नि दुप्पट खाशी या न्यायाने साबुदाण्याच्या खिचडीचा उपवास हा उपवास नव्हेच. उपाशी राहून वजन झरझर उतरविले तर स्नायूही जातात आणि शरीर खर्च आखडते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र आहारात मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

ज्या चेरीतालात आपण जमलो आहोत, ते राणी दुर्गावतीच्या दासीने, म्हणजे चेरीने, बांधविले असे सांगतात. तलाव बांधणाऱ्यांना ठाऊक असे, की पाणी येण्याची वाट जितकी महत्त्वाची तितकीच जाण्याचीही. देहाचेही तसेच आहे.

शेवटी मंडळाला एक नम्र सूचना. गणेशोत्सवातील महाप्रसाद जरूर व्हावा. पण पंगत उठल्यावर खुर्च्या न मांडता सर्वांनी मिळून वस्तीला एक फेरी घालावी, आणि वाढणाऱ्या भगिनींची पंगत आधी बसावी. एवढे दोन ठराव झाले तरी हीरकमहोत्सवाला आज येथे बसलेली मंडळी अधिक संख्येने आणि स्वतःच्या पायांनी येतील.